निंबाकडे पाव फेरा

"पाचर कशाला मारताय मामाजी? पायच कापा की सरळ," मी म्हटलं.

"कापलं का मंग जुळत नाई," मामाजी मान वर न करता म्हणाले. "पाचर काढता येते. शुक्रवारी काढाचीच आहे."

मामाजी म्हणजे माझे सासरे, दिवाकर भोयर. नागपूरकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. रत्नागिरीत मी तशी हाक मारली की शेजारणींना वाटायचं, माझ्या आईचा भाऊ राहायला आलाय. आमच्या दोन मजली इमारतीच्या गच्चीवर ते भर दुपारी उकिडवे बसले होते, डोक्याला पंचा गुंडाळून, आणि आंब्याच्या रिकाम्या पेटीची फळी चाकूनं तासून तिला उतार देत होते. समोर त्यांनी स्वतःच्या हातानं बनवलेला दुर्बिणीचा लोखंडी स्टँड उभा होता. त्याला तीन पाय, एक उत्तरेला आणि दोन दक्षिणेला. वर एक जाड तिरका दांडा आणि त्याला हळूहळू फिरवणारी मोटर.

हा दांडा नेमका ध्रुवाच्या दिशेनं रोखलेला असावा लागतो. तसा असला की मोटर दुर्बिणीला पृथ्वीच्या उलट फिरवत राहते आणि धरलेला तारा नजरेतून सुटत नाही. नागपुरात ध्रुव क्षितिजापासून एकवीस अंश वर असतो, आमच्याकडे सतरा. मामाजी कारखान्याच्या टूलरूममधले माणूस, त्यांनी दांडा वेल्डिंग करून कायमचा एकविसावर बसवला होता. बारीकसारीक फरकासाठी दोन बोल्ट ठेवले होते, बस्स. "मले कुठी जाचं आहे नागपूर सोडून?" असं तेव्हा ते म्हणाले होते म्हणे. आता चार अंशांची तफावत मिटवायची तर दोनच वाटा होत्या. मागच्या, दक्षिणेकडच्या दोन पायांखाली पाचरी मारायच्या, नाहीतर पुढचा, उत्तरेकडचा पाय दीड इंच कापायचा.

मला पाय कापलेला हवा होता. का ते सांगते.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, जाऊन वर्ष झालं होतं. मामाजी नागपूरच्या घरात एकटेच राहत होते. दसऱ्याच्या सुमारास ते पडले. बाथरूममध्ये पाय घसरला म्हणाले. शेजारच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं सकाळी त्यांना उचलून नेलं, मनगट मोडलं होतं. माझा नवरा प्रफुल्ल जाऊन त्यांना घेऊन आला. हात बरा होईपर्यंत राहतो, अशी त्यांची अट. हात बरा झाला, त्यांनी स्वतः स्टेशनवर जाऊन शुक्रवारचं तिकीट काढलं. प्रफुल्ल कॉलेजात माशांचे रोग शिकवतो, वर्गात तास तास बोलतो. पण वडिलांसमोर त्याच्या तोंडून 'हो बाबा' सोडून तिसरा शब्द फुटत नाही. त्यामुळे मामाजींना थांबवण्याचं काम माझ्याकडे आलं.

मी तेव्हा मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवायची. शिकणाऱ्याच्या डाव्या हाताला बसायचं, पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवायचा आणि दिवसभर ओरडायचं. उचलली जीभ लावली टाळ्याला अशी माझी गावात ख्याती होती. मामाजी आले तेव्हा, खरं सांगायचं तर, मला ते जडच गेले. माशाच्या वासानं नाक मुरडायचे, माझ्या आमटीला 'गोड वरण' म्हणायचे. पण महिन्याभरात घरातलं एकही दार करकरेनासं झालं. कुकरची शिट्टी, पंख्याचा रेग्युलेटर, माझ्या गाडीच्या जादा ब्रेकची केबल, सगळं त्यांनी हळूच नीट करून ठेवलं. संध्याकाळी मी कावून घरी यायची तेव्हा ते चहा टाकून बसलेले असायचे आणि विचारायचे, "आज कोणाले ठोकलं?" मला त्यांची सवय झाली. सवय कसली, मला ते हवेच होते.

दुर्बिणीची पेटी त्यांनी नागपुराहून सोबत आणली होती, पण ती पलंगाखालून बाहेर निघाली नव्हती. शेवटी मीच म्हटलं, "पेटी उघडली नाहीत तर मी ती भंगारात घालीन." माझा हिशेब साधा होता. एकदा ती इथे उभी राहिली, तिच्यातून त्यांनी इथलं आभाळ पाहिलं, की माणूस आपोआप रमेल. म्हणून त्या सोमवारी ते गच्चीवर होते आणि मी दुपारचे क्लास रद्द करून त्यांच्याशेजारी.

पहिली अडचण अशी निघाली की आमच्या गच्चीवरून ध्रुव दिसतच नाही. उत्तरेला 'सागरदर्शन' नावाची पाच मजली इमारत आहे. तिच्यातून सागराचं दर्शन होत नाही आणि तिच्यामुळे आम्हाला उत्तरेचं होत नाही. मामाजींनी त्यावर तोड काढली होती. त्यांनी टाकीच्या पाइपाला दोरी बांधून खाली वजन लोंबकळत सोडलं, आणि त्या दोरीची सावली सगळ्यात आखूड कधी होते ते बघत बसले. सूर्य माथ्याशी आला की सावली बरोबर उत्तरेला पडते.

"तुमच्या इथं सूर्य बी आळशी दिसते," ते म्हणाले. "नागपूरले आतापर्यंत येऊन गेला असता."

"पश्चिमेला आहोत आम्ही. आणि आमचा सूर्य जेवून निघतो."

ते हसले. सावली टेकली तशी त्यांनी खडूनं रेघ मारली. माझ्याच शाळेतला खडू, रिव्हर्स शिकवताना मी मैदानावर ज्यानं आठाचा आकडा काढते तो. रेघ थेट सागरदर्शनच्या भिंतीकडे गेली.

"म्हणजे ध्रुव त्या भिंतीमागे," मी म्हटलं. "मला काय तो अजून दिसलेलाच नाही बघा."

"काहून? लग्नात तर म्हणे दिसला होता तुले!"

मी कपाळावर हात मारला. आमच्या लग्नात भर दुपारी गुरुजींनी सांगितलं, नवऱ्या मुलीनं ध्रुवाचं दर्शन घ्यावं, आणि मंडपाच्या कनातीकडे बोट केलं. रीतच आहे ती, दिसो न दिसो, 'दिसतो' म्हणायचं. मी म्हटलं, "दिसतो." तोच व्याह्यांच्या पंगतीतून खणखणीत आवाज आला, "अवो गुरुजी, ते दक्षिण आहे! आणि पोरगी खोटं बोलून राहिली!" आत्याबाईंनी त्यांच्या कोटाची बाही ओढून त्यांना खाली बसवलं. माझ्या माहेरचे लोक पुढे वर्षभर मला विचारायचे, सासरा जरा हा आहे का गं?

पाचरी बसल्या. मामाजींनी स्पिरिट लेव्हल लावली, कोनमापक लावला, तोंडातल्या तोंडात पुटपुटले, "सतरा. चालते." फळी आंब्याच्या पेटीची होती, मऊ आणि हलकी. ती बोटानं दाबून त्यांनी नाक मुरडलं, पण बोलले नाहीत.

दिवेलागण झाल्यावर आम्ही पुन्हा वर गेलो. दुर्बीण चढवली, वजनं लावली. ध्रुव दिसत नसला तर करायची रीत वेगळी. डोक्यावरच्या भागातला एक तारा धरायचा, डोळा लावायच्या भिंगातल्या, म्हणजे आयपीसमधल्या, बारीक उभ्याआडव्या रेघांवर बरोबर मध्ये आणायचा, मोटर चालू करायची आणि बघत राहायचं. तारा वर सरकला तर दांडा एका बाजूला चुकलाय, खाली सरकला तर दुसऱ्या. त्याप्रमाणे बोल्ट फिरवून दांडा ढकलायचा, पुन्हा बघायचं. घाई चालत नाही. मामाजी स्टुलावर चढून आयपीसला डोळा लावून उभे, आणि मी खाली त्यांच्या समोरच्या बाजूला, पाटावर बसून, बोल्ट हातात धरून.

बराच वेळ नुसती मोटरची गुणगुण. मग वरून आवाज आला.

"निंबाकडे. पाव फेरा."

मी बोल्ट धरून तशीच बसले.

"निंबाकडे म्हंतो ना!"

"कुठल्या निंबाकडे, मामाजी?"

आमच्या आजूबाजूला माड होते, एक फणस होता, सागरदर्शनच्या कंपाउंडात कसलंसं विलायती झुडूप होतं. कडुनिंब औषधालासुद्धा नव्हता.

मामाजींनी आयपीसवरून डोळा काढला. अंधारात त्यांचा चेहरा मला दिसला नाही. थोड्या वेळानं ते म्हणाले, "काही नाई. डावीकडे फिरव."

मी फिरवला.

"अवं डावीकडे!"

"डावीकडेच फिरवला!"

"माह्या डावीकडे!"

"मग तसं सांगा ना! मी तुमच्या समोर बसलेय, तुमचं डावं ते माझं उजवं. मी दिवसभर लोकांना डावं-उजवं शिकवते, मला नका शिकवू."

"तू लोकायले शिकवते, मंग तुले समजाले पाहिजे!"

माझा उजवा पाय सवयीनं ब्रेक दाबायला पुढे गेला आणि नुसता सिमेंटवर घासला. पुन्हा तारा धरला, पुन्हा तेच झालं. त्यांनी उजवीकडे म्हटलं की मी विचारायची, कुणाच्या? ते चिडायचे, मी चिडायची. तिसऱ्या खेपेला मामाजी स्टुलावरून उतरले आणि कठड्याला टेकून उभे राहिले.

"अशानंच तर तिनं नावं पाडली होती," ते म्हणाले.

"कुणी, आत्याबाईंनी?"

"हाव. आमची बी अशीच भांडणं होत. डावं कोणाचं आणि उजवं कोणाचं. मंग एक दिवस ती म्हणाली, हे डावं-उजवं राहू द्या तुमच्यापाशी. आपल्या गच्चीच्या मावळतीकडे निंब आहे आणि उगवतीकडे दवाखाना. निंबाकडे म्हणा नाईतर दवाखान्याकडे म्हणा, मी कुठी बी बसली तरी मले समजते. तवापासून तेच." ते थांबले. "तिनं कधी दुर्बिणीतून पाहिलं नाई बरं. मान दुखते म्हणे. शाल पांघरून बसाची, मांडीवर रेडिओ, अन् हात बोल्टवर. पाव फेरा म्हटला तर पावच फिरवे."

मला बरं वाटलं. घोडं कुठे पेंड खात होतं ते कळलं, आता तोड काढणं सोपं.

"मग आपणही तसंच करू. मावळतीला इथे समुद्र आहे, उगवतीला पाण्याची टाकी. समुद्राकडे आणि टाकीकडे."

"समुद्र कुठी दिसते इथून?"

"दिसत नाही. पण आहे तिकडेच."

"नाई जमाचं. जिभेवर निंबच येते." त्यांचा आवाज कोरडा झाला. "चार दिवसांसाठी कशाले नवी नावं पाडाची?"

मी वाद घालणार होते. पण तेवढ्यात दुसरंच काहीतरी डोक्यात आलं, आणि आलं ते मी बोलून टाकलं.

"मामाजी, आत्याबाई गेल्यावर बोल्ट कोण फिरवायचं?"

"मीच."

"एकटे? डोळा वर आणि बोल्ट खाली?"

"पाहाचं, उतराचं, फिरवाचं, मंग पुन्हा चढून पाहाचं. वेळ लागते, पण होते."

"अंधारात? स्टुलावरून?"

सागरदर्शनमध्ये कुणीतरी मासे तळत होतं, त्याचा वास गच्चीभर पसरला होता.

"तुम्ही बाथरूममध्ये पडला नव्हता," मी म्हटलं.

"प्रफुल्लले सांगू नको."

"किती वेळ पडून होता?"

"कंपाउंडर सकाळी दवाखान्याच्या गच्चीवर कपडे वाळू घालाले आला, त्याले दिसलो." मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मोटर मात्र रातभर चालू होती. तारा कुठल्या कुठी गेला असन."

मी पाटावर जाऊन बसले आणि म्हटलं, "चढा वर. निंबाकडे म्हणजे मावळतीकडे. कळलं मला. सांगा."

त्यानंतर जमू लागलं. निंबाकडे पाव फेरा, दवाखान्याकडे थोडासा, थांब, अजून एक केसभर निंबाकडे. माझा हात बसला. ते म्हणाले, "हाव, टिकला," आणि मला शिकाऊ माणसानं पहिल्यांदा गाडी चढावर न थांबता नेल्यासारखा आनंद झाला. पण चहा पिण्याइतका वेळ गेला नाही तोच ते पुटपुटले, "सरकला." पुन्हा केलं. पुन्हा टिकला आणि पुन्हा सरकला. मामाजींनी खाली उतरून बॅटरीनं पाय पाहिले. पेटीची फळी वजनानं दबत होती. एक पाचर जरा जास्त, दुसरी जरा कमी. आम्ही कितीही नेमकं लावलं तरी खालून जमीन सुटत होती.

"आंब्याची पेटी आंब्यासाठीच बरी," ते म्हणाले आणि मोटर बंद केली. "जाऊ दे. उद्या बांधून टाकू."

"मग पाय कापा म्हटलं ते का नाही ऐकत?"

"कापला का मंग हे नागपूरले कामाचं राहात नाई, समजत कसं नाई तुले!"

"तिथे काय काम आहे त्याचं?" माझा ताबा सुटला. "तिथे जाऊन परत स्टुलावर चढा, उतरा, पडा. या खेपेला मान मोडून घ्या. दवाखाना आहेच शेजारी!"

मामाजींनी बॅटरी विझवली आणि ते जिना उतरून गेले. मी दुर्बिणीवर चादर टाकली. बोलले ते बोलले, शब्द मागे घ्यायची मला सवय नाही. रडू आलं, ते रागाचं आहे असं मी स्वतःला सांगितलं.

प्रफुल्लला मी जेवताना एवढंच म्हटलं, "बाबांना थांब म्हण." तो भात कालवत राहिला. मग वडिलांकडे बघून म्हणाला, "बाबा, शुक्रवारी रिक्षा सांगू की मी सोडू?" मी त्याच्या ताटात आमटी जरा जोरातच वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिला क्लास आटोपून घरी आले तर मामाजी नव्हते. गच्चीवर गेले, नुसती दुर्बिणीची नळी चादरीत गुंडाळून भिंतीला टेकवलेली. लोखंडी स्टँड गायब. खोलीत त्यांची बॅगही नव्हती. शेजारच्या आजी म्हणाल्या, "सकाळी रिक्षा बोलावून गेले तुझे मामा. काहीतरी जड होतं हो सोबत." नळी राहू द्या आणि मी चाललो, असा त्यांचा विचार असणार, असं मी धरून चालले. शुक्रवारपर्यंत थांबायची त्यांना माझ्या बोलण्यानं लाज वाटली असेल.

खाली माझ्या गाडीत शिरधनकर बाई स्टिअरिंग धरून वाट पाहत बसल्या होत्या. वय पंचावन्न, नवऱ्यावर रुसून गाडी शिकायला आलेल्या. अजून दुसऱ्या गिअरच्या पुढे गेल्या नव्हत्या.

"बाई, आज स्टेशन," मी शेजारी बसत म्हटलं.

"स्टेशन? अगो बाय माझे, तिकडे ट्रक असतात!"

"असू देत. चला. आणि तिसरा टाका."

"तिसरा? मला नाय जमणार हो!"

"आज जमणार."

बाईंनी डोळे मिटल्यासारखे करून तिसरा टाकला आणि आम्ही निघालो. मी एरवी सारखी ओरडते, त्या दिवशी गप्प होते, म्हणून त्या आणखीनच घाबरल्या. नाक्याच्या अलीकडे इम्तियाजचं गॅरेज लागतं. माझ्या दोन्ही गाड्यांचं काम तोच करतो. त्याच्या दारात, रस्त्याला पाठ करून, डोक्याला ओळखीचा पंचा गुंडाळलेला एक माणूस वाकून काहीतरी कापत होता.

मी जादा ब्रेकवर उभी राहिले. गाडी गचकन थांबली, शिरधनकर बाईंनी किंकाळी फोडली.

"वैजूताई, बरा आलात," इम्तियाज हात पुसत पुढे आला. "हे तुमचे सासरे काय? मशीन माझा, वाइस माझा, आणि मलाच बाजूला केलान. मी कापतो म्हटलं तर म्हणतात, तुझा हात वाकडा जातो."

"वाकडाच जाते त्याचा," मामाजी मागे न बघता म्हणाले. करवत चालूच होती. मोडलेल्या मनगटाला त्यांनी रुमाल घट्ट बांधला होता. स्टँडचा उत्तरेकडचा पाय वाइसच्या लोखंडी जबड्यात घट्ट आवळलेला होता. दोन-चार हात आणखी मारले आणि दीड इंचाचा तुकडा खाली पडून खण्णकन वाजला. त्यांनी कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला, फुंकर मारून कीस उडवला.

"कापलंत?" मी विचारलं.

"कापलं."

"आता जुळत नाही ना?"

"नाई जुळत."

"मग बॅग कशाला घेऊन आलात?"

"मंग हत्यारं कशात आणू, ओच्यात?"

"आणि शुक्रवार?"

ते आता वळले. चष्म्यावर लोखंडाची धूळ बसली होती. "शुक्रवारी नागपूरले जाऊन काय करू?" ते म्हणाले. "सतरावर कापलं आहे. तिथं हे धरत नाई आता." मग खाली बघत म्हणाले, "तू काल बोलली ते बरोबर होतं. पण असं बोलत जाऊ नको बाई. मी एकदा रातभर पडून राहिलो आहे, मले पुन्हा नाई पडाचं."

मी भर रस्त्यात, ट्रक जात असताना, तोंडावर हात घेऊन रडले. शिरधनकर बाईंना वाटलं, त्यांनी कुणाला तरी उडवलं. त्या गाडीतूनच ओरडत होत्या, "कोण मेला गो? माझ्यानं मेला काय?" इम्तियाजनं त्यांना पाणी नेऊन दिलं.

संध्याकाळी स्टँड पुन्हा गच्चीवर गेला. प्रफुल्लनं तो एकट्यानं उचलून वर नेला, मध्येच थांबून कापलेल्या पायाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "कापला?" त्यानं विचारलं. "हो बाबा," मी म्हटलं. तो हसत हसत खाली गेला आणि तिकीट रद्द करायचं कसं ते शेजाऱ्यांना विचारू लागला.

खडूच्या रेघेवर स्टँड ठेवला. आता पाचर नाही, फळी नाही, तीन पाय सरळ सिमेंटवर. मामाजींनी लेव्हल लावली आणि ती दोनदा पाहिली. अंधार पडला, कालचाच तारा धरला, मोटर लावली. मी पाटावर बसले, बोल्ट धरला. सवयीनं मनात म्हणत होते, निंब म्हणजे मावळत, निंब म्हणजे मावळत.

मग वरून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"समुद्राकडे," मामाजी म्हणाले. "पाव फेरा."

मी मान वर केली नाही. पावच फेरा फिरवला.

"थांब." त्यांनी तारा पाहिला. "टाकीकडे, थोडासा. हं. राहू दे."

आम्ही दोघंही थांबलो. खालच्या मजल्यावरच्या बातम्या संपल्या, मालिका सुरू झाली. मामाजींनी डोळा काढला नाही. शेवटी म्हणाले, "नाई हालत." स्टुलावरून सावकाश उतरले, मी हात पुढे केला, तो त्यांनी धरला.

"ये इकडे," ते म्हणाले. "दांड्याच्या मागून पाह्य. सरळ रेषेत."

मी गुडघ्यावर बसून त्या जाड तिरक्या दांड्याच्या मागच्या टोकाला डोळा लावला. दांडा बरोबर सागरदर्शनच्या चौथ्या मजल्यावर रोखलेला होता. तिथे कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या भिंतीत धूर ओढणारा पंखा गरगरत होता आणि आजही मासे तळले जात होते.

"त्या पंख्याच्या मागं," मामाजी माझ्या डोक्यावरून म्हणाले. "बरोबर मागं. दिसते का?"

मी त्या पंख्याकडे नीट पाहिलं.

"दिसतो," मी म्हटलं.

"हाव," मामाजी म्हणाले. "आता खरं बोलली."